शनवारकाकांची पेन्सिल

शनवारकाका माणसाच्या बोलण्याचंही प्रूफ वाचत. कानामागची निळी पेन्सिल काढायची आणि समोरच्याच्या तोंडापुढे हवेत काट मारायची. आमच्या आजोबांनी तापीकाठी वाघाला बिडी पाजली, हे मी आमच्या अख्ख्या लिंबायत वस्तीला पटवलं होतं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिरामण, वाघ राहू दे. बिडी काढ." सुरतेत माझ्या थापा खोडणारा हा एकच माणूस निघाला.

त्यांचा छापखाना म्हणजे एक खोली, वर माळा आणि मधोमध एक ट्रेडल मशीन. ते मी चालवायचो. सुरू केलं की कतारगामला हिरे घासणाऱ्यांच्या चिमट्यातून हिरे उडायचे. काका बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. वडील रेल्वेत होते म्हणून सुरतेला आलेले. शनिवारी छापखान्याला कुलूप, म्हणून नाव पडलं शनवारकाका. पोटासाठी आम्हा खानदेशी लूमवाल्यांच्या लग्नपत्रिका छापायचे आणि जिवासाठी एक पुस्तक.

ते पुस्तक होतं चारशे वर्षांपूर्वीच्या एका यहुदी पंडिताचं. तोही छापखानेवालाच. काका त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणत, जणू मागच्या गल्लीत राहतो. एका शहरानं हाकललं की म्हातारा छपाईच्या अक्षरांची, खिळ्यांची पोती खेचरावर लादून दुसऱ्या शहरात. एकदा तर राज्यकर्त्यांनी भर चौकात त्याची पुस्तकं जाळली. म्हाताऱ्यानं पुढच्या गावी जाऊन पहिल्या पानापासून पुन्हा खिळे जुळवले. त्याचं चरित्र आणि त्याच्या प्रार्थना काका मराठीत आणत होते. मी म्हटलं, "काका, तुमची माणसं तर सगळी इस्रायलला गेली. वाचणार कोण?"

"गेलीत, पण अजून मराठीत भांडतात. नातवंडं हिब्रूत भांडायला लागायच्या आत छापून झालं पाहिजे."

स्वतः मुलाकडे तिकडे जायचं तेही पुस्तक पुरं झाल्यावरच. खिळे होते आठ पानांपुरते. आठ पानं जुळवायची, छापायची, जुळवलेला फर्मा सोडून खिळे केसात, म्हणजे अक्षरागणिक घरं असलेल्या लाकडी खोक्यात, परत टाकायचे, मग पुढची आठ. छापलेली पानं लाल सुतानं बांधून ठेवायची. म्हणजे पुस्तक होतं ते फक्त त्या गठ्ठ्यांत.

एक काना चुकला तरी पान रद्द. आणि रद्द पान फेकायचं नाही, कारण त्यावर देवाचं नाव. "त्यांनी जाळली, म्हणून आपण पुरतो," काका म्हणत. रद्द पानांची पोती माळ्यावर साठायची. एकदा एक पोतं खांद्यावर घेऊन मी काकांच्या मागून त्यांच्या जुन्या कबरस्तानात निघालो. चहावाल्यानं टोपी काढली. "कोण गुजरी गयुं, काका?"

"पान बेचाळीस," काका म्हणाले. चहावाल्यानं हात जोडले.

दरवर्षी भाद्रपद-आश्विनात उपासाच्या सणाला काका ठाण्याला बहिणीकडे जात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, सुरतेत त्यांच्यासकट एक होता. त्या वर्षी आधी पूर आला, खोलीत गुडघाभर पाणी. मी माझं घर उपसत होतो. काका शेवटचा फर्मा दगडी मेजावर जुळवून ठेवून, मला किल्ली देऊन ठाण्याला गेले. मागोमाग प्लेग आला. लिंबायत दोन दिवसांत रिकामं झालं. लोक गाडीच्या टपावर बसून धुळ्याकडे पळाले. मी राहिलो. किल्ली माझ्याकडे होती ना!

सफाईचा ट्रक आला. सोबतचा माणूस आमच्याकडचाच, तोंडाला फडकं बांधलेला. "भो, माळ्यावर पोती शेतस. उंदीर व्हतीन. काढ."

मी विचारलं, "खड्ड्यात पुरणार ना?"

"हा भो, खड्डामाच टाकसूत."

मला वाटलं, काकांचं कामच होतंय. एकेक पोतं मी नमस्कार करून चढवलं. ट्रक वळला, एक पोतं उसवलं आणि आतून लाल सूत लोंबलं. पुराच्या दिवशी सत्तरीच्या काकांनी एकट्यानं चांगले गठ्ठेही पोत्यांत भरून माळ्यावर चढवले होते, हस्तलिखितासकट. मी सायकल अशी हाणली की वाघ मागे पडला असता. शहराबाहेर, कडोदऱ्याच्या रस्त्यावर ट्रक सापडला. तोवर रिकामा. बाजूला ढीग पेटला होता.

काका दहा-बारा दिवसांनी आले. माळ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, पेटलेला ढीग तेवढा सोडून. काकांनी विचारलं, "पुरली ना? जाळली नाहीत?"

"पुरली काका. चुना टाकून. माझ्या डोळ्यांदेखत."

मी पेन्सिलीची वाट बघत उभा. काकांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथूनच खाली आला.

मी म्हटलं, "पुन्हा जुळवू. म्हाताऱ्यानं नाही का जुळवलं?"

"म्हातारा तेव्हा चाळीसचा होता रे."

मग त्यांनी शेवटचा फर्मा सोडला. न छापलेला. एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात टाकत बसले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू मशीन पूस." पुसलं. कोरडंच होतं.

दिवाळीआधी मुलगा येऊन घेऊन गेला. स्टेशनवर काकांनी पेन्सिल माझ्या खिशात खोवली. "आता तुझं तूच वाच," म्हणाले. वर्षभरात तिकडेच वारले. माणसासारखे पुरले असतील.

पेन्सिल माझ्याकडे आहे. वाघ, बिडी, गाडीचा टप, सगळ्यावर काट मारून झाली. 'पुरली काका' वर मारायला जातो आणि हात कानापाशीच राहतो.