अक्कांना दाखवलेला डोंगर

एखादं काम सुरळीत झालं की आमच्या घरात कुणी त्याची आठवणही काढत नाही. बिघडलं, की मग बघा! सणाला चार माणसं जमली की पहिल्यांदा तेच निघतं. अक्कांना डोंगरातली रेल्वे दाखवायचं ठरलं, ते तर पहिल्या दिवसापासूनच बिघडत गेलं.

अक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. आम्ही आळंदचे. नजर जाईल तिथवर तूर आणि जोंधळा, उंच म्हणाल तर कडब्याची गंजी! निजामाचं राज्य जाऊन रस्ते मोकळे झाले, तशी गावातली एक सून पुण्यापल्याड जाऊन आली आणि सांगत सुटली, तिकडं गाडी डोंगराच्या पोटात शिरते! अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मालकांना म्हणाल्या, "अप्पा, डोळे हायत तवर ती गाडी दाव. मग आंधळी झाले तरी चालतंय."

आता नाही कोण म्हणणार!

*

मालक चौकशीला गेले कुठं, तर अडत दुकानात. तिथं कलबुर्गीच्या पुढं कुणी पाऊल टाकलेलं नाही, पण मतं पोत्यानं! एक म्हणाला, गोव्याकडचा घाट बघा. दुसरा म्हणाला, खंडाळ्याचाच खरा. दोघं हातघाईवर आले. शेवटी तुरीच्या पोत्यावर बसलेले सांगप्पा अण्णा म्हणाले, "डोंगर जाग्यावरच हाय न्हवं? मग पळत्या गाडीतनं कामून बघायलाव? चालत जाऊन बघा की!"

*

खंडाळा ठरला. मालक तिकिटं घेऊन आले, छाती फुगवून. "रातची गाडी हाय. अक्काला ऊन लागायचं न्हाई."

मी कपाळाला हात लावला. "अवो, डोंगर काय कंदील घेऊन उभा ऱ्हाणार हाय?"

माझ्याकडं असे बघत राहिले, जणू अंधार मीच केला!

*

तिकिटं बदलायला गेलो. मी म्हटलं, डोंगर कुठल्या अंगाला दिसतो तेही विचारा, तिकडची खिडकी धरू. मालकांनी तिकिटाच्या खिडकीतल्या बाबूला विचारलं, "साब, पहाड किधर कू आता?"

बाबू घामाघूम, मागं ही रांग! म्हणाला, "मियाँ, मैं टिकट देतौं. पहाड देना मेरा काम नै!"

*

पुण्यापर्यंत कोळशाचं इंजिन. कण जाऊ नये म्हणून मालकांनी अक्कांच्या डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं. समोरची बाई हळहळली, "बिचारी! आंधळी हाय का?"

अक्का फडक्याआडून म्हणाल्या, "न्हाई बाई. जपून ठिवलेत. डोंगराला लागणार हायत."

*

आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. पुण्याच्या धर्मशाळेत सकाळी अक्कांची आंघोळ झाली, पण "गाडी चुकंल, चला!" म्हणून मालकांनी पूजेआधीच पिटाळलं. डब्यात उभं राहायला जागा नव्हती. लोणावळ्याला माणसं उतरली आणि खिडकी मिळाली, तीही दरीकडची! अक्का बसल्या. मांडी घातली. विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. एकदा पूजा मांडली की नजर हलवायची नाही, ही त्यांची रीत.

"अक्का, दरी बघ! ढग खाली हायत गं, खाली!"

अक्का तळहाताकडं बघतायत.

आणि एकदम काळोख!

"अप्पाऽ, गेले रे माझे डोळे!" सगळा डबा हादरला.

"अक्का, बोगदा हाय, बोगदा!"

उजेड आला. अक्कांना तळहात दिसला, लिंग दिसलं. मग दर बोगद्यानंतर त्या तेवढंच बघून घ्यायच्या. मालक रडकुंडीला आले. "भायेर बघ की गं!"

"गप! हितं दिसायलंय का बघू दे आदी."

घाट संपला, कर्जत आलं. अक्कांनी लिंग गळ्यात बांधलं, पाणी प्यायल्या, खिडकीतून सपाट रान पाहिलं आणि म्हणाल्या, "अप्पा, डोंगर कवा यायलाय?"

मालकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "परतीची गाडी सांजंला हाय. तवा बघ."

"सांजंला?" अक्कांचा चेहरा खुलला. "लई बेस झालं! सांजची पूजा बी गाडीतच व्हईल."