विमानाचा गेम कठीणच ठेवायचा

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गेमची पेटी पुसायचं. शहाद्याला आमचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा ही एक पेटी घरी आणली. आतला गेम चालवणारा बोर्ड जळून गेलेला, तो बदलायचं चाललं होतं. बायको बटणांच्या फटीतला मळ टाचणीनं काढत म्हणाली, "मन्हा इमानना गेम पयले टाकजा. तुमले कोठे काय खेळता येस!"

विमानाचा गेम तिचा आवडता. "टाकसू वं, टाकसू," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

दिवसकार्य आटोपलं तसा मी नंदुरबारच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं दोन वस्तू दाखवल्या. एक तयार डबी, तीत हजारो गेम भरलेले, लावली की चालू. दुसरा जुना कॉम्प्युटर, त्यात इम्युलेटर, म्हणजे जुन्या बोर्डाची नक्कल करणारा प्रोग्राम. तो डबीच पुढे सरकवत होता. मी डबीवर विमान उडवून पाहिलं. न मरता तीन टप्पे पार. जन्मात मला एक जमला नव्हता.

"हाई तिना गेम नही," मी म्हटलं.

तो हसला. "सोपा शे, बाबा. मजा करा ना!"

दुकानात आम्ही सगळे गेम कठीण करून ठेवायचो. आतल्या बारीक बटणांनी ते करता यायचं. सगळेच दुकानवाले करायचे. पोरगं गेममध्ये लवकर मेलं की नवं टोकन घेतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बायको त्याच कठीण गेमवर खेळायची, तिथंच शिकली. सोपा तिनं पाहिलाच नाही. सोपा लावला तर तिची सगळी मेहनत खोटी पडते.

"डबीमा कठीण करता येस का?"

"नही बाबा. कॉम्प्युटरमा येस."

"मंग कॉम्प्युटर दे. बाकीना गेम काढी टाक."

"सगळा?"

"सगळा."

पेटीतल्या जुन्या टीव्हीची काच फुटली होती, तिथं मी हट्ट धरला नाही. त्यानं सांगितला तो सपाट स्क्रीन घेतला. संध्याकाळी त्यानं घरी येऊन सगळं बसवलं, गेम कठीण केला आणि गेला. मी पेटीला हात लावला नाही.

सकाळी चहा ठेवायच्या आधी पेटीसमोर उभा राहिलो. पहिल्याच टप्प्यात मेलो. काम चोख झालं होतं. परत स्टार्ट दाबलं.