वाजवणाऱ्याची बायको

लहानपणापासून तिला सगळे भिंगरीच म्हणत. आईने चूल फुंकायला सांगितलं तर ही फुंकता फुंकता चुलीभोवती दोन गिरक्या घेणार. पुढे एका मोठ्या लाँड्रीत कामाला लागली. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी वाफेच्या इस्त्रीखाली सरकवायच्या, पलीकडून ओढून घड्या घालायच्या. दिवसभर एका जागी उभं राहण्याचं काम! पण उभं राहील ती भिंगरी कसली? यंत्राच्या सुस्काऱ्यावर तिची टाच आपली हलत असायची. मुकादमीण ओरडायची, "अगं, चादर सरळ धर, तिला पण चक्कर येईल!"

रविवारी दुपारी गावातल्या जुन्या हॉलमध्ये स्विंगचा, म्हणजे जुन्या विलायती नाचगाण्यांचा, बँड वाजे. मंचावर वादकांच्या ओळी, पुढे सॅक्सोफोन, मागे ट्रॉम्बोन, त्याच्याही मागे ट्रम्पेट, बाजूला ड्रम आणि माणसाएवढा उंच, जाड तारांचा बास. भिंगरी तिथे नाचायला जायची. आणि नाचता नाचता ट्रॉम्बोनवाल्यावर तिचा जीव जडला. तो आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी ती लांब पितळी नळी पुढेमागे सरकवत असं काही वाजवायचा, की तिच्या पोटऱ्यांना मुंग्या याव्यात. लग्न झालं. आणि पहिल्याच रविवारी बाईसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. वाजवणाऱ्याच्या बायकोला नवऱ्याबरोबर कधीच नाचायला मिळत नाही. सगळी दुनिया नाचत असते तेव्हा तो वर खुर्चीत बसलेला.

त्यानेच मार्ग काढला. त्याचा मित्र पोस्टमन होता, चालून चालून पाय लोखंडाचे झालेले. त्याला म्हणाला, "हिला फिरवत जा बाबा. घरी बसली तर भिंती पाडेल." तेव्हापासून पोस्टमन भाऊजी तिचे नाचाचे जोडीदार झाले.

वर्षं गेली. हॉलमध्ये काय काय आलं आणि गेलं. भिंतीएवढे लाउडस्पीकर आले, रंगीत फिरते दिवे आले, मग तेही धूळ खात पडले. रविवारचा बँड मात्र टिकला. कधी गर्दी इतकी ओसरली की नाचणाऱ्यांपेक्षा वाजवणारे जास्त. मग कुठूनशी नवी पोरं-पोरी यायची, कापडी बूट घालून, आणि त्यांनाही तीच बाधा व्हायची. त्याचं कारण भिंगरीला विचारलं तर ती म्हणायची, "अहो, ते सॅक्सोफोन काहीतरी विचारतात, ट्रम्पेट उलट उत्तर देतात, आणि ठेका असा किंचित रेंगाळतो ना, की पाय म्हणतो, थांब, मीच जातो पुढे. लाउडस्पीकरच्या डबड्यातून आलेला आवाज कानाला लागतो. हा छातीला लागतो."

मग एका हिवाळ्यात नवऱ्याचे दात गेले. हिरड्या दुखत होत्या, पण तो मूग गिळून बसला होता. दंतवैद्याने पुढचे दात काढले, कवळी दिली. पण कवळीवर ट्रॉम्बोनची फुंकर ठरेना. सूर फाटायचा, कवळी हलायची. बँडमास्तर म्हणाले, "घाई नको, सवय होईल." महिनाभर त्याने झटून पाहिलं. मग एके सकाळी वाद्य पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी पलंगाखाली सरकवली आणि म्हणाला, "संपलं."

रविवार आता घरात उगवून घरातच मावळू लागला. तो खिडकीपाशी बसून घड्याळं उघडायचा, चांगली चालणारीसुद्धा. आणि भिंगरी? धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायची. हॉलची वेळ झाली की नाचाचे बूट काढायची, पुसून परत ठेवायची. जायचं म्हटलं तर हा एकटा बसणार. बसायचं म्हटलं तर जीव थाऱ्यावर नाही. पाय दोन्हीकडून ओढल्यासारखे.

लेक भेटायला आली तेव्हा कपाट दाराच्या मधोमध अडकलेलं होतं.

"आई, तू हॉलवर जात का नाहीस?"

"ते एकटे पडतील गं."

"आणि आत्ता काय दुकटे आहात? ते घड्याळात, तू कपाटात!"

पुढच्या रविवारी भिंगरी नवऱ्याला म्हणाली, "लाँड्रीत जास्तीचं काम आलंय," आणि नाचाचे कातडी तळव्याचे बूट पिशवीत घालून निघाली. रस्ताभर मागे वळून बघत होती, शाळा बुडवल्यासारखी.

हॉलमध्ये नवऱ्याच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. भिंगरीला मनातून वाटत होतं, ही वाईट वाजवू दे. पण ती वाजवायला लागली आणि भिंगरीच्या पोटऱ्यांनी फितुरी केली. भाऊजींनी हात पुढे केला. ती नाचली ती अशी, जणू महिन्यांचं व्याज वसूल करतेय. घामाने केस गालाला चिकटले. बाहेर आली तेव्हा इतकी सुखात होती, की तिला स्वतःची लाज वाटली.

घरी नवऱ्याने वर पाहिलं, मग खाली. गडबडीत ती बूट बदलायलाच विसरली होती.

"लाँड्रीत आता कातडी तळव्याचे बूट घालतात वाटतं?"

मग झालं ते भांडण. "मला नाचल्याशिवाय जगता येत नाही, त्याला मी काय करू?" ती ओरडली.

"मी कधी अडवलं? परवानगी नको होती मागायला. नुसतं सांगायचं होतं. खोटं कशाला? मी काय आजारी माणूस आहे?" तो म्हणाला. कवळी हलली तशी त्याने ती काढूनच ठेवली, त्यामुळे पुढचं निम्मं कळलंच नाही. मग त्याने कवळी बसवली आणि विचारलं, "माझ्या जागी कोण?"

"एक मुलगी आहे."

"कशी वाजवते?"

तिला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. "चांगली वाजवते हो. दमदार."

त्याने जिभेने कवळी चाचपली. मग म्हणाला, "वाजवेल नाही तर काय! दात आहेत तिला." आणि त्यालाच हसू फुटलं.

त्या आठवड्यात तिने त्याला स्वयंपाकघरात नाच शिकवायला घेतलं. आयुष्य ठेक्यात गेलेला माणूस, पण ठेका सगळा ओठात आणि हातात; पायापर्यंत उतरलेलाच नाही. तिच्या अंगठ्यावर त्याने पाय दिला, किटली पाडली, वर म्हणतो, "ही फरशीच उताराची आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं!" ती म्हणाली.

रविवारी दोघं गेली. बँडमास्तरांनी वरूनच मान लववली. ती त्याला ओढत नाचणाऱ्यांच्या मधोमध घेऊन गेली. बँड सुरू झाला आणि हा खांबासारखा उभा राहिला. जोड्या भोवताली फिरत होत्या, कुणाची कोपरं लागत होती. "अहो, पाय उचला!" ती कानाशी ओरडली. तिच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "इथे असं ऐकू येतं?"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. जन्मभर तो त्या आवाजाच्या पोटात बसला होता. मागून ट्रम्पेट, शेजारी ड्रम, आणि पुढे सॅक्सोफोनवाल्यांच्या पाठी. समोरून त्याने आपला बँड कधी ऐकलाच नव्हता.

"सगळं एकदम येतं," तो म्हणाला. "अंगावरच येतं की गं. इतकी वर्षं तुम्हाला हे मिळत होतं?"

"तुम्हीच देत होतात," ती म्हणाली. तो खांबासारखा उभा राहिला म्हणून आलेला राग कुठे गेला कळलं नाही. तिने त्याचा हात कमरेशी धरला आणि दोघं जागच्या जागी डुलत राहिली. नाच म्हणावा असं त्यात काही नव्हतं. मग जलद गाणं लागलं आणि तिची टाच उडायला लागली. त्याला ते हातातून कळलं असावं.

"जा," तो म्हणाला. "भाऊजी ताटकळलेत."

ती गेली. प्रत्येक गिरकीत त्याला शोधत होती. तो मंचाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा होता, त्या मुलीकडे मान वर करून बघत, एखाद्या पोरासारखा.

आता तो दर रविवारी येतो. एखाद्या संथ गाण्याला नाचतो, अजूनही वाईटच. परवा मध्यंतरात भिंगरी भिंतीला टेकून बसली होती, धाप लागली होती, गुडघेही कुरकुरत होते. तो चहा घेऊन आला आणि कप तिच्या हातात देतो न देतो तोच वादक मंचावर परतले.

"ऊठ, पुढचं आपलं."

"अहो, जरा दम खाऊ द्या."

"बँड थांबायचा नाही तुझ्यासाठी," तो म्हणाला.

चहा तसाच खुर्चीखाली ठेवून ती उठली.