हीटरच्या पंख्यातले सोने

गुपित नावाची वस्तू ज्याच्यापाशी क्षणभरही टिकली नाही, असा या भूतलावर मी एकच मनुष्य पाहिला. आणि तो माझा व्याही निघाला, ही मी श्रीहरीची कृपाच समजतो. शास्त्रकारांनी जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मोठ्याने उच्चारायचा तो वाचिक, केवळ ओठ हलावेत इतका तो उपांशु, आणि मनातल्या मनात चालणारा तो मानस. आमच्या व्याह्यांना यांतला पहिलाच ठाऊक होता. आणि जपच कशाला, पानात मीठ वाढा हे सांगणेदेखील ते वाचिकच करीत. तारापूरच्या कारखान्यात, सूत कातणाऱ्या यंत्रांच्या सहवासात त्यांची हयात गेली. यंत्रांवर आवाज चढवल्याशिवाय तेथे कोणाला काही कळत नसे. पुढे ते निवृत्त झाले, यंत्रे मागे राहिली आणि आवाज तेवढा घरी आला. बोईसरहून त्यांचा फोन आला की मासवणच्या आमच्या ओटीवर मी तो कानापासून हातभर लांब धरीत असे, आणि शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून परस्पर उत्तर देऊन मोकळे होत. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी मला खांद्याला धरून अंगणाच्या कोपऱ्यात नेले आणि "गुरुजी, तुमाला म्हणून कानात सांगतो, पोरगी आमाला लय आवडली!" हे इतक्या गुप्तपणे सांगितले की आत चहा गाळणाऱ्या माझ्या मुलीच्या हातून गाळणेच सुटले. विहीणबाई तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "अवो, गुरुजी समोर हायेत, गुजरातेत नाय!"

आवाजाखालोखाल त्यांच्या ठायी विपुल असलेली गोष्ट म्हणजे गाडीवरचे प्रेम. पांढरी, लहानखुरी, अनेक उन्हाळे सोसलेली ती गाडी. तिला ते 'बाय' म्हणत आणि चढावावर "चल बाय, चल" असा धीर देत. दसऱ्याला घरात सर्वांना सोने वाटून झाले की आपट्याचे एक पान तिलाही मिळे. आरंभी ते पान बॉनेटवर ठेवीत, पण ते वाऱ्याने उडून जाई, आणि दिलेले सोने तिने टाकून दिले असे वाटून हे हिरमुसत. मग त्यांनी युक्ती काढली. समोरच्या काचेच्या पायथ्याशी बाहेरून जी जाळी असते, तिच्या फटीत ते पान सरकवू लागले. पान आत गडप झाले की "घेतलं बरं का बायनं!" असा पुकारा होई. झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता यांचीही तीच वाट. मी प्रतिवर्षी हा सोहळा श्रद्धेने पाहत असे. जाळीतून गेलेले सोने पुढे कोठे पोहोचते, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही कधी पडला नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास गाडीतला पंखा बिघडला. थंड किंवा ऊन हवा आत लोटणारा तो एकच पंखा. पण व्याही त्याला कटाक्षाने 'हीटरचा पंखा' म्हणत. विहीणबाईंना याचे हसू येई. "हिकडं घामाच्या धारा लागल्यात, नि ह्यांचं आपलं हीटर हीटर!" पंख्याला चार वेग होते. त्यांपैकी पहिले तीन नाहीसे झाले, आणि चौथ्यावर तो असा गरजू लागला की आत बसलेल्यांना समुद्रावरचे वादळ आठवावे. एकतर पूर्ण मौन, नाहीतर गर्जना. मधले काही नाही. "अगदी धन्यावर गेलाय," असे विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यावर मीही हसलो, हे नमूद केले पाहिजे.

पण लवकरच हसू मावळले. माझी मुलगी दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. नात एवढीशी, पालघरच्या इस्पितळात काही काळ तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. घरी न्यायला परवानगी मिळाली तेव्हा डॉक्टरांनी बजावले, "उकाडा नको, आणि अंगावर वाऱ्याचा झोतही नको." बाहेर आश्विनाचे ऊन मी म्हणत होते. बाळ आजोळी, म्हणजे मासवणला, यायचे होते. जावई म्हणाले, "बाबा, टॅक्सी करू या." व्याह्यांनी गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली. मग म्हणाले, "टॅक्सीवाल्याला काय ठाव, मागं कोण बसलंय? पयल्यांदा घरी जाणार, ती आपल्या गाडीतनं नको?"

आदल्या दिवशी त्यांनी मला बोईसरला बोलावून घेतले. वेग सांभाळणारा जो भाग असतो, रेझिस्टर, तो त्यांनी आधीच एकदा नवा बसवला होता, आणि तोही जळाला होता. दुकानदाराला त्यांनी भर बाजारात जाब विचारला, तेव्हा तो कानावर हात ठेवून म्हणाला होता, "चाचा, माल सही है. पहले पंखा खोल के देखो." दुसरा रेझिस्टर आणला होता, पण पंखा खोलायचा तर समोरचा कप्पा काढावा लागणार, आणि त्या कप्प्याच्या माथ्यावर चिकटवलेला गणपती वर्षानुवर्षे बसलेला. "गुरुजी, मी पाना चालवीन," व्याही म्हणाले, "पण देव हलवायला तुमी पायजे." मी अक्षता घेऊन विधिवत क्षमा मागितली, पुनरागमनाची प्रार्थना केली आणि गणरायाला विहीणबाईंच्या देव्हाऱ्यात पाहुणे म्हणून नेऊन ठेवले. परत आलो तर व्याही पाय दाराबाहेर, मस्तक कप्प्याच्या पोकळीत, असे आडवे झाले होते. मी विजेरी धरली. पंखा खाली उतरला, त्याबरोबर त्यांच्या मुखावर पानांचा वर्षाव झाला. वाळलेली, जुळी, हृदयाच्या आकाराची आपट्याची पाने. सर्वांत वरच्या पानाला अजून किंचित हिरवेपणा होता. त्यांत कुजका झेंडू, त्यांत अक्षता. वारा पुढे सरकत नव्हता, म्हणून त्या वाऱ्याने निवणारा रेझिस्टर तापून जळत होता.

व्याह्यांनी डोळ्यांतली धूळ पुसली, एक पान उचलले आणि सबंध आळीला कळवले, "गुरुजी, सोनं निघालं!"

दारातून विहीणबाई म्हणाल्या, "एवढं सोनं खाल्लं नि माझ्या बांगड्या तेवढ्या सोडल्या व्हय तिनं?"

पंखा पुसला, नवा रेझिस्टर बसवला. व्याह्यांनी बटण एकवर आणले. मंद, सावलीसारखा गार वारा आला. मी समाधानाने मान डोलावली. परंतु व्याह्यांचा चेहरा उतरलेलाच. "नाय चालत," ते म्हणाले. मी म्हटले, चालतो आहे. आत वारा सोडणारी जी जाळी असते, तिला त्यांनी कान लावला आणि पुन्हा नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला उमगले. यंत्रांनी त्यांना आवाज दिला होता, पण त्याच्या मोबदल्यात काय घेतले होते, ते इतकी वर्षे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी त्यांचा हात धरून तळवा जाळीसमोर ठेवला. वारा लागला आणि ते लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी पालघर ते मासवण ते एक अक्षर बोलले नाहीत. मागे माझी मुलगी, तिच्या मांडीवर नात, शेजारी विहीणबाई. पुढे आम्ही दोघे, आणि पुन्हा स्वस्थानी आलेले गणराय. वळण नसेल तेथे व्याही डावा हात जाळीसमोर धरीत, वारा येतो आहे ना याची खात्री करीत आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवीत. अंगणात गाडी थांबली. माझा जीव भांड्यात पडला आणि "आलो एकदाचे, नारायणाची कृपा!" असे मी नेहमीच्या आवाजात बोलून गेलो. व्याह्यांनी वळून ओठांवर बोट ठेवले.

"गुरुजी, हळू," ते म्हणाले. केवळ ओठ हलले, शुद्ध उपांशु. "सोनं झोपलंय."

आता नात चालू लागली आहे. दसऱ्याला बायचे पान तिच्याच हाती देतात आणि जाळीपासून तिला लांब उभी करतात. अजून बोईसरहून फोन येतो. पण नात तिकडे असली आणि त्यांच्या खांद्यावर निजली असली, तर पलीकडून नुसता श्वासासारखा आवाज येतो. माझेही कान आता थकले आहेत. ज्या आवाजासाठी एके काळी मी फोन हातभर लांब धरला, तो ऐकू यावा म्हणून हल्ली ओटीवर एका कानावर हात ठेवून, दुसऱ्याशी फोन घट्ट धरून उभा राहतो.