काडीमोडरावांचा स्वेटर

बदामाच्या बागेत त्यांना सगळे काडीमोडराव म्हणत. त्यांचं कामच तसं. पतंगाच्या मादीचा वास भरलेल्या पुड्या ते झाडोझाड टांगायचे, मग बागभर मादीचाच वास. नर बिचारे रानोमाळ भिरभिरतात, खरी बायको काही सापडत नाही. लग्नच नाही तर अंडी कुठली, आणि अंडी नाहीत तर बदामात अळी नाही. माणसाला हा वास येत नाही, ही देवाचीच कृपा.

बाग त्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्काची. आक्काचा या उद्योगावर तसूभर विश्वास नव्हता. पतंग वाढलेले दिसले की सरळ औषध फवारणार, असं तिनं बजावलं होतं. फवारणी झाली की काडीमोडरावांच्या बायकोच्या मधमाश्या मरणार. बायकोचा जीव नवऱ्यापेक्षा त्या माश्यांत जास्त, हे खुद्द नवराही कबूल करायचा.

एका संध्याकाळी आक्का चहाला आली आणि व्हरांड्यातच थबकली. खुंटीभोवती पतंगांचा नुसता गोंधळ.

"हे काय रे?"

काडीमोडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "आक्का, म्हणजे... पुड्या तर सगळ्या..."

"झाले तुझे प्रयोग. उद्या फवारणी."

बायको चहा घेऊन आली. तिनं खुंटीकडे पाहिलं. तिथं यांचा स्वेटर. पुड्या टांगताना रोज हाच अंगात, आणि धुवायला टाका म्हणून ती कानीकपाळी ओरडून थकलेली. तिनं कप ठेवले, स्वेटर उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. अख्खी वरात तिच्या मागे.

"आक्का, हे सगळे नर. यांच्या स्वेटरला बायको समजून आलेत. ज्यांना एवढं कळत नाही, त्यांना बागेत खरी कशी सापडणार?"

आक्कानं अंगणातली ती वरात पाहिली. मग खुदकन हसली. "माझ्या भावाच्या मागे आयुष्यात कुणीतरी लागलं म्हणायचं. राहू दे फवारणी."

बायको माश्यांसाठी भांडली, आपल्यासाठी नाही, हे काडीमोडरावांना कळत होतं. तरी त्यांना फार बरं वाटलं.

आक्का गेल्यावर ते स्वेटर धुवायला निघाले.

"ठेवा तो. झाडालाच टांगू, तेवढीच एक पुडी जास्त."

"आणि थंडीत मी काय घालू?"

तो स्वेटर तिनंच विणलेला, लग्नाच्या पहिल्या वर्षी. पुढं माश्या आल्या आणि सुया पेटीत गेल्या त्या गेल्याच.

"हात वर करा," ती म्हणाली, आणि वितीनं त्यांची छाती मोजू लागली.