वीतभर बाई

मामा सरस्वतीपुरमच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ब्राँझच्या लहान मूर्ती करायचे. त्यातली एक बसलेली बाई होती, जेमतेम वीतभर. नाकडोळे नाहीत, दागिने नाहीत. पोटाशी तेवढी एक खळगी. मूर्ती हातात घेतली की अंगठा आपोआप त्या खळगीत जाऊन बसायचा. "ही बघायची नाही रे, धरायची," मामा म्हणायचे.

मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. शहरातल्या अग्रहार भागाजवळच एका मोठ्या कचेरीची इमारत उभी राहत होती आणि तिचं काम करणाऱ्या आमच्या साहेबांना तिच्या तोंडाशी 'काहीतरी मॉडर्न' हवं होतं. मामांची बाई मीच नेऊन दाखवली. साहेबांनी मान तिरकी करून ती पाहिली.

"छान आहे. बारा फुटांची करू."

मामांना ते पटलं नाही. त्यांनी एक स्केच काढून दिलं: जिन्याच्या भिंतीत, हात पोहोचेल अशा उंचीवर एक कोनाडा आणि त्यात ही वीतभर बाई. भिंत तिच्या मापानं बेतायची. "जातायेता माणसं हात लावतील. झिजली तर झिजू दे."

साहेब हसले. "एवढ्या इमारतीत एवढीशी बाहुली?"

मीही हसलो. ते आठवलं की आजही मला स्वतःची शिसारी येते.

संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन मी त्यांची विनवणी केली. नाव होईल, पुढची कामं मिळतील, असं काय काय बोललो. शेवटी ते म्हणाले, "सुम्मने, उगीच डोकं खाऊ नकोस. कर काय करायचं ते."

मी चौकटी आखून बाई वाढवली. मेस्त्रीनं सळया बांधून, जाळी लावून सिमेंट थापलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिला सोनेरी ऑइलपेंट फासला. समारंभाला मामा आले, मागे उभे राहिले आणि फराळ न करताच निघून गेले.

मापात घडलेली चूक मला पुढे कळली. अंगठ्याची खळगी आता पुरुषभर उंचीची झाली होती. आत एक माणूस आडोशाला उभा राहू शकत होता, आणि माणसं उभी राहू लागली. वर्षभरात गळतीची तक्रार पाहायला गेलो तेव्हा लांबूनच वास आला. सोनेरी पोटावर पानाच्या पिचकाऱ्या, खाली हिरवट ओल, त्यात विड्यांची थोटकं. कचेरीवाल्यांनी उपाय म्हणून खळगीत देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या: गणपती, क्रॉस, मशीद. लोक थोडं बाजूला सरकून उरकत होते.

मामांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. ते म्हणाले, "चल, बघू." सिटी बसनं गेलो. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. खळगीसमोर उभं राहून सगळं नीट पाहिलं.

"थू!" ते म्हणाले. हा शब्द आमच्या मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच आहे.

"पाडायला सांगू का, मामा?"

"पाडणार आहेत का तुझे साहेब?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग बुजव."

साहेबांनी लगेच होकार दिला. हे आधीच सुचायला हवं होतं, असंही म्हणाले. दोन दिवस फिनाइल ओतून धुतलं, टाइल्स काढल्या आणि मेस्त्रीबरोबर मीही घमेली उचलून खळगी विटा-सिमेंटनं भरून टाकली. बाईचं पोट सपाट झालं. आता ती बाई नव्हती, मूर्तीही नव्हती. रंगवलेला एक ढिगारा होता. कचेरीतले लोक खूश झाले. घरी येऊन मी तीनदा साबण लावला, तरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी एवढंच विचारलं, "वास गेला?"

"गेला."

"बरं झालं," म्हणाले आणि वर्गावर गेले.