रेडिएटरखालची परात

दोन हजार चार सालचा नोव्हेंबर. बाळ अकरा दिवसांचं, आणि आमच्या स्लाऊच्या भाड्याच्या घरातला नेमका त्याच्याच खोलीतला रेडिएटर गळायला लागला. खोली गार पडू देऊ नका, असं मिडवाइफ बजावून गेली होती. आणि रोज सकाळी व्हॉल्व्हखाली कार्पेटवर हा एवढा ओला डाग!

घरमालक पिनरला राहायचा. गुरुवारी प्लंबर पाठवतो म्हणाला. पण आमच्याकडे धीर कुणाला होता?

"अगं, जस्ट एक नट लूज असेल. टेन मिनिट्सचं काम," नवरा म्हणाला.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आयुष्यात घरातला बल्ब न बदललेला हा माणूस ऑफिसमधून इंटरनेटवरची पानं प्रिंट करून घेऊन आला. शनिवारी सकाळी बॉयलर बंद केला, भलामोठा पाना घेतला आणि नट फिरवला. एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला होता, दुसऱ्या बाजूलाही एक असतो हे साहेब विसरले. भसकन काळंकुट्ट पाणी आलं. माझ्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली आई कणकेची परात घेऊन धावली.

"जावईबापू, गुरुवारपर्यंत थांबायचं का?" तिने हळूच विचारलं.

"ऑलमोस्ट झालंय, आई."

ते ऑलमोस्ट दुपारी चारपर्यंत चाललं. नटाला पांढरी टेप गुंडाळून झाली, पुन्हा आवळून झालं, आतली हवा काढून झाली. तोवर घर गारठलं होतं. बाळाला छातीशी धरून मी दोन डुव्हे पांघरून बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली होती, घरात तेवढीच काय ती ऊब.

रविवारी सकाळी त्याच जागी पुन्हा ओलं. मग मात्र माझा तोल सुटला. नवऱ्याला नको नको ते बोलले. तो बिचारा टॉर्च घेऊन कार्पेटवर आडवा झाला आणि टिश्यूने नट पुसू लागला.

"हे बघ ना, एकदम ड्राय आहे!"

तेवढ्यात त्याच्या कपाळावर थेंब पडला. वरून.

वर रेडिएटरवर लंगोटांची रांग वाळत होती. शेवटच्या लंगोटाचं टोक व्हॉल्व्हवर लोंबत होतं. मशीनमध्ये साबण राहतो म्हणून बाळाचे कपडे आई रोज पहाटे हाताने धुवायची. नवऱ्याला हसू आवरेना. मी मात्र चिडूनच ओरडले, "आई, अगं नीट पिळत का नाहीस?"

आणि मग माझं मलाच आठवलं. हिने पिळलेल्या चादरीतून कधी थेंब पडत नसे. लहानपणी दुसरं टोक धरून माझे तळवे लाल व्हायचे.

आईने हात पदराखाली घेतले. "मनगटात जोर राहिला नाही गं. वर्ष झालं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

मी परात पुढे ओढली. बाळंतिणीने गार पाण्यात हात घालू नये, असं ती म्हणत राहिली. मी तिने पिळलेला पहिला लंगोट उचलला आणि पिळला. परातीत वाटीभर पाणी पडलं.